व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला चाललाय? मग फुलं ओळखायची कशी ते आधी वाचा

दरवर्षी जून उजाडला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. आम्ही व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला चाललोय, तुला फुलांतलं कळतं ना, काय काय बघायचं ते सांग. फोनवर दहा मिनिटांत सांगण्यासारखं ते नसतं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. ज्यांनी आजवर फक्त कासचं पठार बघितलंय किंवा तेही नाही, आणि उत्तराखंडात पहिल्यांदाच उंचावरची रानफुलं बघायला चाललेत, त्यांच्यासाठी हे आहे. बॉटनी शिकलेलं असायची काही गरज नाही, मी पण शिकलेली नाहीये.

आधी माझी चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्या ट्रिपला मी सहाशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन नावं शोधायला बसले तर निम्म्याहून जास्त फुलांची नावं लागेनात, कारण प्रत्येक फोटोत फूल एकदम समोरून, छान क्लोजअप, मागचं सगळं ब्लर, आणि पान कुठेच नाही. नुसती पिवळी पाच पाकळ्यांची फुलंच माझ्याकडे चाळीसेक फोटोंत होती आणि त्यात किमान तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती होत्या, पण कुठली कुठली ते आता कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून माझं सगळं सांगणं एका वाक्यात येतं: फुलाचा रंग सगळ्यात शेवटी बघायचा, आधी पान बघायचं आणि फुलाची पाठ बघायची.

घरून निघायच्या आधी

तयारी गॅलरीतच सुरू करा, खरंच. जास्वंदीचं एक फूल घ्या आणि उलटं करा. पाकळ्यांच्या मागे हिरव्या निदलांचा पेला दिसेल आणि त्याच्याही मागे अजून एक बारीक हिरव्या पट्ट्यांचा थर दिसेल. हा दुसरा थर एकदा डोळ्यात बसला की हिमालयात तो फार कामाला येतो, कसा ते पुढे सांगते. मग तुळशीची काडी दोन बोटांत धरून फिरवून बघा, चौकोनी लागते, पानं समोरासमोर जोडीने येतात. पुदिन्याचंही तसंच. कोथिंबिरीला फुलं आली असतील तर ती छत्रीच्या काड्यांसारखी एका जागेहून फुटलेली असतात. झेंडूचं फूल मधून फाडून बघा, ते एक फूल नसतंच, शेकडो बारकी फुलं एका बैठकीवर बसलेली असतात. चुक्याच्या भाजीचा दांडा निरखून बघा, पान जिथून निघतं तिथे कागदासारखं पातळ वेष्टन असतं. आणि पावसाळ्यात तेरडा सगळीकडे असतोच, त्याच्या फुलाच्या मागे शेपटीसारखी नळी असते आणि पिकलेली शेंग हात लावला की फुटते.

एवढ्यात तुमची पाच-सहा कुळं, म्हणजे वनस्पतींची घराणी, झाली. वर गेल्यावर नाव नाही कळलं तरी हे तुळशीच्या कुळातलं, हे चुक्याच्या कुळातलं, हे धण्याच्या कुळातलं एवढं जरी म्हणता आलं तरी अर्धं काम झालं म्हणून समजा, कारण त्यापुढे शोधायची यादी हजाराची वीसवर येते.

सामान फार लागत नाही. दहा पटीचं छोटं घडीचं भिंग, गळ्यात अडकवायला दोरी लावून. छोटी वही आणि पेन्सिल, पेन नको, कारण पावसात पेनाची शाई पसरते आणि तिथे पाऊस असतोच. सहा इंची पट्टी किंवा एखादं नाणं, फोटोत मापासाठी. फोनला प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी. पॉवर बँक. घांघरियात, म्हणजे दरीजवळच्या मुक्कामाच्या गावात, लाईटचा भरवसा धरू नका. नेटचाही नाही, त्यामुळे ओळखायचं ॲप तिथे चालेल या भरवशावर तर अजिबात जाऊ नका.

कधी जायचं

पार्क १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, पण या पाच महिन्यांत पाच वेगवेगळ्या दऱ्या बघायला मिळतात असं म्हटलं तरी चालेल. जूनमध्ये अजून ठिकठिकाणी बर्फ असतो आणि बर्फ जिथून नुकताच सरकलाय त्या ओल्या कडेला प्रिम्युला, ॲनिमोनी, कॅल्था अशी बुटकी फुलं येतात. गर्दी नसते आणि शिकायला हा काळ फार चांगला आहे, कारण फुलं कमी असतात म्हणून डोकं गरगरत नाही. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळ्यात जास्त जाती एकाच वेळी फुललेल्या असतात, आणि पाऊसही तेव्हाच असतो, ऋषिकेश-जोशीमठ रस्त्यावर दरड कोसळून एखादा दिवस अडकायची तयारी ठेवूनच निघायचं, परतीचं तिकीट दोन दिवस हातात राखून काढा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर म्हणजे जेन्शियन, ब्रह्मकमळ, आणि बऱ्याच झाडांवर फळं-बिया. फळं बघायला मिळाली तर कंटाळू नका, धण्याच्या कुळातल्या कितीतरी वनस्पती फळाशिवाय ओळखताच येत नाहीत.

पहिल्यांदा जाताय तर मी जुलैचा शेवटचा आठवडा सांगेन.

चढताना उंची लिहीत चला

अल्पाइन म्हणजे काय, तर मोठी झाडं जिथे संपतात तिथून वरचा पट्टा. या भागात ती रेषा साधारण ३,३०० ते ३,६०० मीटरच्या आसपास येते. खालून येताना गोविंदघाट साधारण १,८०० मीटरवर, पुढे पुलनापर्यंत जीप जाते, तिथून चालत घांघरिया साधारण ३,०५० मीटर. घांघरियाहून थोडं पुढे गेलं की वाट फुटते, डावीकडे व्हॅली आणि उजवीकडे हेमकुंड, म्हणजे उंचावरचं सरोवर आणि गुरुद्वारा. हेमकुंड साधारण ४,३०० मीटरवर आहे.

याचा फायदा असा की एकाच मुक्कामावरून दोन दिवसांत जंगल, झाडांची रेषा, कुरण आणि खडक हे चारही पट्टे बघून होतात. फोनमधल्या जीपीएसवर उंची दिसते, ती प्रत्येक नोंदीपुढे लिहा. घांघरियाच्या आसपासच्या झाडीत सावलीला तुम्हाला नागाच्या फण्यासारखं फूल दिसेल, ते ॲरिसिमा, आपल्या सह्याद्रीतल्या सापकांद्याचंच भावंड, बघितल्याबरोबर ओळखीचं वाटतं. मग पुष्पावती नदी ओलांडून चढ लागतो आणि भोजपत्राची झाडं येतात, पांढरट-गुलाबी साल कागदासारखी सुटलेली. साल ओढू नका. भोजपत्र विरळ झालं आणि समोर एकदम उघडं कुरण आलं की तुम्ही अल्पाइन पट्ट्यात शिरलात.

तिथे पोचल्यावर सगळे पुढे पळतात. तुम्ही थांबा. कुठल्या जागेत उभे आहात ते आधी लिहा: ओढ्याकाठ, दगडांचा उतार, खडकाची फट, दाट गवत, की बर्फ वितळलेली ओलसर खोलगट जागा. जागा म्हणजे निम्मी ओळख. कॅल्था तुम्हाला कोरड्या दगडात दिसणार नाही आणि निळी पॉपी दाट गवताच्या मधोमध सहसा दिसणार नाही.

एका झाडापाशी बसायचं कसं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा रेंगाळते. आता ती पिवळी फुलंच घेऊ, ज्यांनी मला पहिल्या वर्षी रडवलं होतं.

वाटेच्या कडेला पाच पाकळ्यांचं पिवळं फूल दिसलं. खाली बसा, वाटेवरच, कुरणात पाय न टाकता. फूल न तोडता दोन बोटांनी हलकेच वाकवा आणि मागून बघा. मागे हिरवं काहीच नाही, म्हणजे ज्याला पाकळ्या म्हणतोय तीच निदलं आहेत, आणि पान गोलसर मूत्रपिंडाच्या आकाराचं, पायाखाली पाणी: हे कॅल्था. मागे पाच हिरवी निदलं आहेत, एकच थर, आणि पाकळ्या तेल लावल्यासारख्या चकाकतायत: हे रॅननक्युलस, मोरवेलीच्या कुळातलं. मागे जास्वंदीसारखे दोन थर आहेत, म्हणजे पाच निदलं आणि त्यांच्या आडून डोकावणारी अजून पाच बारकी पट्टी: आता आपण गुलाबाच्या कुळात आलो आणि प्रश्न राहिला पोटेंटिला की जीअम. इथे पानाकडे जायचं. स्ट्रॉबेरीसारखं तीन पर्णिकांचं (एकाच पानाचे सुटे छोटे भाग) पान असेल आणि उलटं केलं की खालून चंदेरी लव असेल तर पोटेंटिला, इथे भरपूर दिसते ती पोटेंटिला ॲट्रोसँग्विनिया, तिचाच एक प्रकार गडद लाल फुलांचा आणि एक पिवळ्या फुलांचा. म्हणजे बघा, रंगावर गेलात तर एकाच जातीच्या दोन जाती कराल आणि तीन वेगळ्या वनस्पतींची एक. आणि पान पिसासारखं लांब, जमिनीलगत गुच्छात, मोठ्या पर्णिकांच्या मध्येमध्ये बारक्या पर्णिका घुसवलेल्या असतील तर ते जीअम.

पहिल्यांदा हे करायला मला वीस मिनिटं लागली होती, रिमझिम चालू होती, भिंगावर थेंब पडत होते, आणि ते चंदेरी पान उलटलं तेव्हा जे वाटलं ते मी अजून विसरलेली नाही. आता दोन मिनिटं लागतात. तुमचंही तसंच होईल, पण पहिले दहा वेळा वेळ द्यावाच लागतो, त्यामुळे एका दिवसात पन्नास जाती बघायच्या असं ठरवून जाऊ नका. दहा नीट बघा.

रंग फसवतो याचं अजून एक सुंदर उदाहरण म्हणजे मोरिना लाँगिफोलिया. काटेरी कडांची लांब पानं, उंच दांडा, आणि दांड्याभोवती टप्प्याटप्प्याने फुलांची वलयं. एकाच दांड्यावर पांढरी फुलंही असतात आणि गुलाबीही, कारण नवीन फूल पांढरं उमलतं आणि परागण झालं की गुलाबी होत जातं. नवखी माणसं हमखास दोन वेगळी झाडं समजतात.

फोटो काढायचा क्रम

प्रत्येक वनस्पतीचे हे फोटो काढाच, क्रम तोच ठेवा म्हणजे घरी गेल्यावर गोंधळ होत नाही: पहिला आजूबाजूच्या जागेसकट, दुसरा आख्खं झाड मुळाशी जमिनीपर्यंत, तिसरा पान वरून, चौथा पान खालून, पाचवा फूल समोरून, सहावा फूल बाजूने, सातवा फूल मागून, आणि फळ असेल तर फळ. एकात तरी पट्टी किंवा नाणं ठेवा. मग पुढच्या झाडाकडे जायच्या आधी तळहाताचा एक फोटो काढा, हा माझा विभाजक आहे, फोनच्या गॅलरीत हात दिसला की समजायचं इथून नवीन झाड सुरू.

फोनचा कॅमेरा जवळ फोकस करत नसेल तर भिंग लेन्ससमोर धरून बघा, बऱ्यापैकी जमतं. कॅमेऱ्यात येत नाहीत त्या गोष्टी वहीत लिहा: वास, दांडा चौकोनी की गोल, पान चुरचुरीत की मऊ. पान चुरडून वास घ्यायची सवय मात्र इथे सोडा, कारण वचनागाच्या जातीतल्या वनस्पती इथे आहेत. निळं-जांभळं फूल, वरची पाकळी शिरस्त्राणासारखी डोक्यावर ओढलेली, ते ॲकोनिटम, आणि त्याचा सगळा भाग जहाल विषारी आहे. त्याच्यासारखंच निळं पण मागे शेपटी असलेलं ते डेल्फिनियम, तेही विषारीच. धण्याच्या कुळातली उंच पांढऱ्या छत्र्यांची झाडं दिसतील, त्यातल्या हेराक्लियमचा चीक कातडीवर लागून वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. आणि खालच्या वाटेवर बिच्छू घास असते, नावाप्रमाणेच डसते, फुल बाह्यांचा शर्ट घाला. चाखून तर काहीच बघायचं नाही, कोणी स्थानिक गाईड खातोय म्हणून सुद्धा नाही, त्याला कळतं, आपल्याला नाही.

हेमकुंडचा दिवस

व्हॅलीत पहिला दिवस घालवून दुसऱ्या दिवशी हेमकुंड करा, उलटं नको, शरीराला उंचीची थोडी सवय होऊ द्या. घांघरियाहून सहा किलोमीटरवर हजार मीटरच्या वर चढ आहे आणि वर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे पहाटे निघायचं. डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं तर फूल कितीही पुढे असो, खाली उतरायचं.

निळी पॉपी, म्हणजे मेकोनॉप्सिस ॲक्युलिआटा, याच वाटेवर दगडांच्या आडोशाला बघा. आपल्याकडे माळावर, रस्त्याकडेला पिवळा धोतरा उगवतो ना काटेरी, तो याच पॉपीच्या कुळातला. काटे आठवा: हिच्याही दांड्यावर, पानांवर, कळीवर, फळावर पिवळसर काटे असतात. कळी मान खाली घालून असते. पाकळ्या चार-सहा, आकाशी, इतक्या पातळ की मागचा उजेड त्यातून येतो, आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. सकाळी दव असताना बघितलीत तर पाकळीवर सुरकुत्या दिसतात, नुकत्याच उलगडलेल्या रेशमी रुमालासारख्या.

आणि मग ब्रह्मकमळ. यावर महाराष्ट्रातल्या माणसांशी मला दरवर्षी बोलावं लागतं. आपल्या गॅलरीत रात्री बाराला उमलणारं, सगळी सोसायटी ज्याची पूजा करते ते पांढरं फूल निवडुंगाचं आहे, एपिफायलम, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. ते सुंदर आहेच, त्याबद्दल वाद नाही, पण हिमालयातलं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हालाटा, ते झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं, आणि उत्तराखंडचं राज्यफूल. ज्या फिकट पिवळट-हिरव्या पाकळ्या दिसतात त्या पाकळ्या नाहीतच, ती छदं आहेत, म्हणजे बोगनवेलीची रंगीत पानं जशी असतात तसा प्रकार. खरी फुलं आत, जांभळ्या गोंड्यांमध्ये. त्या कागदी छदांच्या आत थंडी-पावसापासून आडोसा मिळतो. एका ऑगस्टमध्ये धुकं दाटलेलं असताना मी त्या छदांच्या फटीतून वाकून बघत होते तर आत एक केसाळ भुंगा जांभळ्या गोंड्यांवर निवांत चालत होता, बाहेर पावसाची भुरभुर आणि आत त्याचं कोरडं घर.

वर फेनकमळ दिसलं तर नशीब, कापसाचा गोळा दगडात ठेवल्यासारखं, तेही सॉसुरियाच. ती लोकर थंडीपासून बचावासाठी. एवढ्या उंचीवर बरीचशी झाडं बुटकी, जमिनीला चिकटलेली, लवदार का असतात ते तिथे पाच मिनिटं वाऱ्यात उभं राहिलं की आपोआप समजतं.

कुरणात पाय नाही, हात नाही

हा नॅशनल पार्क १९८२ साली झाला आणि २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात नंदादेवीच्या जोडीने गेला. फूल तोडणं, कंद उपटणं, बी आणणं हे सगळं कायद्याने बंद आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, इथलं झाड वर्षातले जेमतेम तीन-चार महिने वाढतं, बाकी बर्फाखाली. तुम्ही वाट सोडून फोटोसाठी चार पावलं आत गेलात तर मागून येणारे तीस जण त्याच पावलांवर जातात आणि दोन दिवसांत तिथे नवीन वाट पडते. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि अतिशय वाईट वाटतं.

स्थानिक लोकांशी बोला. त्यांची नावं लिहून घ्या, अतीस, कुटकी, जटामांसी, हाथाजडी. शेवटचं म्हणजे डॅक्टिलोऱ्हायझा हे ऑर्किड, कंद हाताच्या पंजासारखा, आणि औषधासाठी इतकं उपसलं गेलंय की आता ते धोक्यात आहे. ते किंवा हिमालयी लेडीज स्लिपर ऑर्किड दिसलं तर फोटोसोबत लोकेशन कुठेही टाकू नका, अगदी आपल्या ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुद्धा नाही. अमेला नावाचं उंच पांढऱ्या फुलांचं झाड मात्र सगळीकडे दिसेल, चुक्याच्या कुळातलं, गाठीवरचं कागदी वेष्टन बघा की पटेल. चराई बंद झाल्यापासून ते दरीत बरंच पसरलं आहे आणि बाकीच्या फुलांना दाबतं, म्हणून वनखातं ते काढायच्या मोहिमा घेतं.

दरीत पुढे जोन मार्गारेट लेग यांची समाधी लागते. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माईथ १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना या दरीत उतरले आणि त्यांच्यामुळे तिचं नाव जगभर झालं. त्यानंतर लेग फुलांचे नमुने गोळा करायला आल्या आणि १९३९ साली इथेच पाय घसरून गेल्या. तिथे थोडा वेळ बसा. समाधीच्या आसपास फुलंही खूप असतात.

संध्याकाळी नावं लावताना

खोलीवर परत आल्यावर दमलेले असाल, तरी त्याच दिवशी वही आणि फोटो जुळवा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही. क्रम असा: आधी कुळ (फॅमिली), मग प्रजाती (जीनस), मग जमलंच तर जाती (स्पीशीज). तेरड्यासारखं गुलाबी फूल, मागे नळी, दांडा पोकळ आणि पाणीदार, उंची माणसाएवढी, म्हणजे इम्पेशन्स, इथवर शंभर टक्के खात्री. पुढे जात सल्काटा की आणखी काही, त्यासाठी पानं आणि शेंगेचे फोटो लागतील. खात्री नसेल तर नुसतं इम्पेशन्स लिहा. अर्धवट पण बरोबर नोंद ही पूर्ण पण चुकीच्या नोंदीपेक्षा दहापट कामाची.

ॲपने सुचवलेलं नाव लगेच मान्य करू नका, ते बऱ्याचदा युरोपातली जवळची जात सुचवतं. ती जात या भागात, या उंचीवर सापडते का, हे तपासा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकलंत तर सगळे सात-आठ फोटो टाका, एकच सुंदर फोटो नको, आणि दुर्मीळ झाडाचं ठिकाण धूसर करायची सोय तिथे आहे ती वापरा.

माझ्याकडे २०१९ च्या ट्रिपमधलं एक पेडिक्युलॅरिस होतं, पिवळं, पान नेच्यासारखं कातरलेलं, फुलाची चोच वाकलेली. गवताच्या मुळातून काही अन्न चोरणारी ही प्रजाती, जातीच इतक्या की चोच कुठे वळते आणि नळी केवढी लांब यावर सगळं ठरतं. मी प्रजातीवर थांबून ठेवून दिलं होतं. दोन वर्षांनी एका अभ्यासकाने कमेंट करून विचारलं, बाजूने काढलेला फोटो आहे का? सहाव्या नंबरचा फोटो होता. पाठवला, आणि त्याच संध्याकाळी नाव आलं.